कोसा खोपीत, फवारा घरात

आमच्या गावचा एक मास्तर दिवाळी अंक काढतो. तो मला म्हणाला, "भाऊ, तुमी जिंदगीभर जे काम केलं, त्याच्यावर लिवा." मी म्हणालो, "त्याच्यात लिवासारखं का हाय? भितीवर दवा मारत होतो." तो म्हणाला, तेच लिहा. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन मास्तर पाहील, पण माझं बोलणं दुरुस्त करायचं नाही, असं मी त्याला बजावलं आहे.

खरं म्हणजे हे सांगायचं काम माझ्या बायकोचं. पारबता तिचं नाव. गेल्या शिमग्याआधी ती गेली. चार माणसांत ही गोष्ट निघाली की मी सुरुवात करायचो आणि ती माझ्या तोंडातून ओढून घ्यायची. "तुमाले नाई सांगता येत, सरका," म्हणायची. आता सरका म्हणणारं कोणी नाही, म्हणून मीच सांगतो. लोक म्हणतात, दिवस गेले की दुःख हलकं होतं. माझं अजून झालेलं नाही. झालं तर कळवीन.

त्या काळी गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच. जंगल, तलाव, धानाच्या बांध्या आणि हिव. हिव म्हणजे हिवताप. तो एक दिवस येतो, एक दिवस सोडतो, पुन्हा येतो. त्याला आम्ही पाळी म्हणायचो, आणि लोक पाळी पाहून कामं लावायचे. "आज मी रोवन्याले येत नाई, आज माही पाळी हाय, उद्या येतो," असं माणूस सरळ सांगायचा. दुसरा म्हणायचा, "उद्या माही हाय. तू माह्या बांधीत ये, परवा मी तुह्या बांधीत येतो." सोयरीक पाहायला निघणारा बापसुद्धा पाळी पाहून निघायचा. पोरांची पोटं पुढे आलेली, डाव्या कुशीत पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली. एक परका पाहुणा म्हणाला होता, इथली मुलं बाळसेदार दिसतात.

सरकारने घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारायचं ठरवलं, तेव्हा मी त्या टोळीत लागलो. मी ढिवराचा, मासोळी धरणाऱ्या जातीचा. आमच्या हातचं पाणी गावात सगळ्यांना चालायचं, म्हणून मी कोणाच्याही घरात चुलीपर्यंत जाऊ शकत होतो. साहेबाने नेमताना हे विचारलं नव्हतं, पण गावोगाव त्याचाच उपयोग झाला.

काम असं. बादलीत पांढरी भुकटी पाण्यात कालवायची. बादलीत पंप उभा करायचा. पंपाला बाहेरून एक पायरी असते, तिच्यावर पाय दाबून धरायचा म्हणजे पंप हलत नाही. एकाने दांडा वरखाली हाणायचा, दुसऱ्याने लांब रबरी नळीच्या टोकाची दांडी धरून भिंतीवर वरून खाली, खालून वर फवारा मारत जायचं. हात रेंगाळला तर ओघळ येतात, घाई केली तर भिंत कोरडी राहते. मच्छर माणसाचं रक्त पितो, जड होतो, जवळच्या भिंतीवर जाऊन बसतो. भिंतीवर औषध असलं की मरतो. एवढंच शास्त्र.

पण हे एवढं पटवायला जीभ झिजली. एका गावात एक बुढा आडवा आला. म्हणाला, "ताप मले येते अन् दवा भितीले देता? भितीले हिव भरलं का?" मी मच्छराचं सगळं पुराण सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, मग सदरा काढून पाठ माझ्याकडे केली. "भितीचं भितीले मारा. पन पयले इथी मारा." शेवटी त्याला कोयनेलची कडू गोळी दिली, तेव्हा भिंत मिळाली.

बायांनी आम्हाला घरात घेतलं ते ढेकणांमुळे. मच्छर गेला की राहिला हे कोणाला दिसत नव्हतं, मेलेले ढेकूण सुपात दिसायचे. "बाजेले मारा, गोधडीले मारा, भीत राहू द्या," म्हणायच्या. पुढे ढेकूण त्या औषधाला सरावले, मरेनात, तेव्हा त्याच बाया म्हणू लागल्या की आम्ही पाणी जास्त टाकतो.

माझ्या जोडीला पंप हाणायला दसरू होता. तो महाराचा. नळी चांगली लांब होती, म्हणून पुष्कळ घरांत दसरू अंगणात उभा राहून पंप हाणायचा आणि मी नळी घेऊन आत जायचो. साहेबाला वाटायचं, कामाची पद्धतच तशी आहे. दसरू म्हणायचा, "विलायतच्या मानसाले आपल्या गावची रीत कशी का माहीत. नळी बराबर मापाची धाडली." हसत म्हणायचा. मलाही तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

आता येनटोल्याचं सांगतो. येनटोला हे पारबताचं माहेर. चामोर्शीच्या बाजारापासून बैलबंडीने अर्ध्या दिवसाची वाट, भोवती येनाचं रान. त्या झाडाला पुस्तकात ऐन म्हणतात. आमचं घर तलावाच्या मासोळीवर जगणारं, तिच्या माहेरचे ढिवर कोशावर जगणारे.

कोसा म्हणजे रानातलं रेशीम. अळी येनाचा पाला खाते आणि अंड्याएवढा कोश विणते. बाकीचे विकायचे, चांगले निवडून बी म्हणून ठेवायचे. त्यांच्या माळा करून घरात आढ्याला टांगायच्या. पाऊस लागला की त्यांतून पाखरं निघतात, अंडी देतात, अंड्यांतून निघालेल्या अळ्या झाडावर चढवायच्या. मग घरचा माणूस जंगलातच राहतो, पक्षी आणि मुंग्या हाकलत. त्या दिवसांत तो तेल लावत नाही, दाढी करत नाही, मासोळीमटण खात नाही, बायकोजवळ जात नाही, विटाळाच्या घरी पाय ठेवत नाही. नाहीतर कोसा रुसतो. माझे सासरे लक्षुमन बुढा या साऱ्याचे जाणते. गावाच्या कोशाची पूजा त्यांच्या हातची.

आमची टोळी येनटोल्याला पहिल्यांदा गेली ती पोळ्याच्या तोंडावर. पारबता पहिल्या बाळंतपणाला तिथेच होती. आम्ही सगळं गाव फवारलं. कोशाची पुढच्या पिकाची बी तेव्हा घराघरात टांगलेली होती. त्याचं काय होईल हे कोणालाच माहीत नव्हतं. साहेबाला कोसा माहीत नव्हता, बुढ्याला डीडीटी माहीत नव्हतं.

मग दोन गोष्टी झाल्या. कोशांतून पाखरं निघाली, भिंतीवर बसली, थरथरली आणि टपाटपा खाली पडली. आणि दुसरी अशी की आमच्या फवाऱ्याने भिंतींवर पांढरे पट्टे उठले होते. सण आलेला, आणि घर असं डागाळलेलं कोणत्या बाईला चालेल? पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या गावाने माती-शेण कालवलं आणि भिंती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लिपून काढल्या. औषध लिपणाखाली गेलं. मच्छर वर आरामात बसले. म्हणजे मारायचे ते जगले आणि जगवायचे ते मेले.

दसऱ्याच्या सुमारास गावात हिव आलं. पारबतालाही पाळी लागली. लेकरू दिवस भरायच्या आधी झालं. रडलं नाही. याच्यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

सासऱ्यांनी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाले, "जवाईबापू, तुमी कवाही या, पानी प्या, जेवा. तो पंप मातर या गावात आनू नका." गावाचंही तेच मत. या दव्याने कोसा मरतो आणि हिव जात नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, खोटं कसं म्हणायचं?

कचेरीतून उपाय निघाला. गावोगाव दवंडी द्यायची की फवारा मारल्यावर तीन महिने कोणी घर लिपू नये. मी ते घरी सांगितलं. पारबता धान पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "सनाले घर लिपू नका म्हनून दवंडी? तुमच्या सायबाले घरी बायको नाई का?"

मी ते जसंच्या तसं साहेबाला सांगितलं. साहेब घाटावरचा, तरणा, माणूस भला. कान लाल झाले त्याचे, मग हसला. म्हणाला, "बायको नाही अजून. तुमच्या घरून विचारून या, कुठल्या गावात कधी लिपतात ते." पारबताने सगळं सांगितलं. कोण पोळ्याला लिपतं, कोण दसऱ्याला, कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाच्या गावात मंडईच्या जत्रेला पाहुणे येतात. त्याप्रमाणे साहेबाने टोळ्यांचे दिवस फिरवले. आधी लिपण, मागून फवारा. मग बाया स्वतः निरोप धाडू लागल्या, "आमचं लिपून झालं, वाळलं, आता या." पांढरे पट्टे तेच, पण आता ते लिपणाच्या वर होते आणि पुढचा सण येईपर्यंत कोणी हात लावत नव्हतं. त्या गावांत हिव उतरलं. दोन वर्षांत माझ्या आसपासच्या गावांत लोक पाळी हा शब्द विसरू लागले. येनटोला तेवढा राहिला.

आणि पारबताला पुन्हा दिवस गेले.

मी म्हणालो, "या खेपेला इथीच राहा. आपलं घर फवारलेलं हाय."

"पयलं बाळंतपन माहेरीच होते."

"पयलं झालं ना."

"जे जगलंच नाई ते पयलं कसं?" ती म्हणाली.

दोन दिवस मी जाळं घेऊन तलावावरच राहिलो. तिसऱ्या दिवशी मासोळी साफ करता करता तिनेच काढलं. "घरात बाळंतीन होनार असंल, तं बाबा कोशाची बी त्या घरात ठेवतेत का?"

"नाई ठेवत. विटाळ होते."

"मंग मी सातव्या महिन्यात जाऊन बशीन. तोच बीच्या माळा टांगायचा टाइम. बाबाले एक तं पोरीले हाकलावं लागंल, नाई तं कोशाले. पोरीले हाकलनार नाईत. कोसा घराबाहेर गेला, तं मंग फवारा मारायले कोनाची ना हाय?"

"अन् तुले हिव लागलं तं?"

"तुमी कायले हाय? कोसा निघाला का पंप घेऊन या."

मी म्हणालो, तू पोटातलं लेकरू डावावर लावतेस. तिने विळी बाजूला केली. "ते तं डावावरच हाय. माह्या वयनीचं हाय, गावातल्या साऱ्या बायांचं हाय. मी इथी बसली म्हनून त्यायचं वाचते का?"

जेठाच्या उन्हात बंडी जुंपली आणि तिला येनटोल्याला नेलं. सासरे ओसरीवर बसून कोशांच्या माळा ओवत होते. मुलगी आलेली पाहून सासूने भाकर टाकायला घेतली. सासऱ्यांनी विचारलं, "किती दिवस राह्यतं, बाई?"

"बाळंत होऊन जाईन."

त्यांचा हात थांबला. त्यांनी वर आढ्याकडे पाहिलं, मग हातातल्या माळेकडे. "तुह्या सासरी चांगलं फवारलेलं घर हाय म्हनते. इथी काऊन आली?"

"माहेर हाय माहं."

"मंग कोसा कुठी टांगू मी?"

"मले का माहीत, बाबा? कायदा तुमचा हाय."

सासू चुलीपासून म्हणाली, "येनाच्या बनात खोप बांधा एक. तसंही पाऊस लागला का तुमी तिथीच राह्यता. पंधरा दिवस आंधी जा, घरात तेवढीच जागा होते."

बुढा माझ्याकडे वळला. "जवाईबापू, हे डोकं तुमचं का हिचं?"

"मामाजी, माहं डोकं एवढं चाललं असतं, तं मी पंप कायले हानत बसलो असतो?"

बुढा हसला नाही. पण चंची पुढे केली आणि म्हणाला, "पान खा." तेव्हा मला कळलं की काम होणार.

नाल्यापलीकडे येनाचं बन होतं. तिथे बुढ्याने पोरांना घेऊन बांबूची खोप बांधली. वर येनाच्या फांद्या, त्यावर गवत, चारी बाजूंनी बांबूचं तट्टं. आंघोळ करून, ओल्या धोतराने माळा डोक्यावर घेऊन गेला. आता गावापुढे प्रश्न उभा राहिला. पूजा लक्षुमन बुढ्याची, आणि बुढ्याचा कोसा जंगलात. मग बाकीच्यांचा घरात कसा राहील? पूजा एक आणि जागा दोन, असं त्यांच्या बापजाद्यांत झालं नव्हतं. कोणी काही सांगितलं नाही, कोणी बैठक घेतली नाही. एकेक घर माळा घेऊन नाला ओलांडू लागलं. भागरता नावाच्या एका विधवेला उंदरांची धास्ती. तिने कोशासोबत आपलं मांजरही खोपीत धाडलं. आमच्या औषधाने कितीतरी गावांत मांजरं मेली होती. येनटोल्यातलं एक असं वाचलं.

कोसा घराबाहेर निघाला की मागे घर लिपायची त्यांची रीतच होती. लिपून वाळलं आणि मी आणि दसरू पंप घेऊन हजर झालो. साहेबही आला होता, कारण या गावाने दोन वर्षं त्याला दारात उभं केलं नव्हतं.

नाल्यावर बुढा काठी घेऊन उभा. गावाला ऐकू जाईल असं बोलला, "आयका. हे पांढरं ज्याच्या आंगाले लागलं, ज्याच्या कपड्याले लागलं, तो विटाळाचा. नदीत डुबकी मारल्याबिगर, कपडे धुतल्याबिगर त्यानं नाला वलांडायचा नाई. जवाई असो का सायब."

म्हणजे बुढ्याने डीडीटीला आपल्या सोवळ्याओवळ्यात जागा करून दिली. बाळंतिणीचा विटाळ, मढ्याचा विटाळ, तसा फवाऱ्याचा विटाळ. साहेब माझ्या कानात म्हणाला, "असा नियम मी लावला असता तर गावाने मला झोडपलं असतं." खरं होतं. आणि त्या नियमामुळे भुकटीचा कणही कोशापर्यंत गेला नाही.

सासऱ्यांच्या घराशी आलो तेव्हा दसरूने सवयीने अंगणातच बादली ठेवली. पारबता दारात आली, पोट सावरत. "दसरूभाऊ, नळी कमी पडंल. आत या."

घर दोन खोल्यांचं. नळी घराला वळसा घालून परत आली असती. ते दसरूला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मागे उभ्या असलेल्या सासूलाही माहीत होतं. सासूने वाट सोडली आणि सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. दसरू आत आला. त्या दिवशी त्याने भिंत मारली आणि मी पंप हाणला. त्याचा हात माझ्याहून सरळ होता. एक ओघळ आला नाही.

मग पाऊस लागला आणि माझा जीव टांगणीला लागला. या खेपेला पाखरं मेली असती, खोप गळली असती, उंदरांनी कोश कुरतडले असते, तरी दोष फवाऱ्याच्याच माथी बसला असता, आणि पारबता त्याच घरात. धाकटा साळा जंगलात राहणाऱ्यांत नव्हता, त्यांना भात पोचवायचा. तो चामोर्शीच्या बाजारात भेटला. मी विचारलं, "निंगाली का?"

"निंगाली."

"चांगली निंगाली?"

"बाबा मोजू देत नाईत. पन काल बाबानं दुसऱ्यांदा भात मांगून खाल्ला."

मला तेवढं पुरलं. मी त्याला बाजारातून जिलेबी घेऊन दिली.

आषाढ गेला. येनटोल्यात हिव आलं नाही. एखाददुसरा तापला असेल, पण घराघरात बाजेवर कुडकुडणारं माणूस दिसेना. राघो नावाचा एक होता, गावच्या नात्याने माझा साळा, तो दर रोवण्याला पाळी सांगून घरी झोपायचा. त्या वर्षी त्याला चिखलात उभं राहावं लागलं. त्याने मला भर गावात सुनावलं, "भाटवे, तुमी माहं लय नुकसान केलं."

पुढच्या वर्षी जेठात मी कोणाला पटवायला गेलो नाही. सासराच बाजारात आमच्या टोळीच्या बिऱ्हाडाशी आला, पायातल्या वहाणा हातात घेऊन. "कोसा खोपीत गेला. घरं लिपून झाली. तुमी कवा येता?" तिथून पुढे येनटोल्यात ती रीतच होऊन बसली. कोसा खोपीत, मग लिपण, मग फवारा, मग नदीत डुबकी. नव्या सुनांना वाटायचं, हे बापजाद्यांपासून असंच चालत आलं आहे. शेजारच्या कोसेवाल्या गावांनीही तीच रीत उचलली. मी ती मोडायला गेलो नाही, कोणाचं श्रेय म्हणून सांगायलाही गेलो नाही.

आता शिकलेली पोरं सांगतात की डीडीटी विष होतं, मातीत राहिलं, पाण्यात राहिलं, मासोळीत गेलं. खरं असेल. ते आम्ही उघड्या हातांनी कालवलं, तोंडाला फडकंही नव्हतं. दसरू लवकर गेला, खोकत गेला. कशाने ते मला सांगता येणार नाही. मच्छरही पुढे ढेकणांसारखे सरावले आणि जंगलाच्या गावांत हिव परत आलं. एवढं सगळं मान्य करून मी म्हणतो, ते काम झालं ते चांगलं झालं. ज्यांना वाद घालायचा त्यांनी आधी पाळीच्या दिवशी बाजेवर पडून पाहावं.

पण माझं मन जातं ते त्या श्रावणातल्या दुपारकडे. पारबता असती तर एव्हाना तिने मला सरकवून हा भाग स्वतःकडे घेतला असता.

पाऊस नुकताच थांबला होता. आत सुईण होती, सासू होती. मी अंगणात, भिजलेल्या लाकडांवर बसून. पूर्ण दिवसांत तिला एकदाही हिव भरलं नव्हतं. तरी मागची खेप डोक्यातून जात नव्हती. मग आतून आवाज आला. बारीक, मांजरीच्या पिलासारखा. सासूने दारातून सांगितलं, पोरगी झाली, दोघी साजऱ्या हायेत. मी उठलो.

तेवढ्यात नाल्याकडून हाक आली. पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सासरे उभे होते. त्यांना कोणी कसं कळवलं कोण जाणे. केस जटा झालेले, दाढी छातीवर, अंगावर पंचा. झाडांवर अळ्या मोठ्या झाल्या होत्या, कोश विणायला आठ-दहा दिवस उरलेले. बाळंतिणीच्या घराकडे एक पाऊल टाकलं असतं तर साऱ्या गावाचा कोसा बाटला असता. म्हणून तिथूनच ओरडले, "रडलं का?"

पोरगा का पोरगी, विचारलं नाही. रडलं का, एवढंच.

मी ओरडलो, "रडली, मामाजी. पोरगी झाली. साजरी हाय."

बुढा हलला नाही. "मले नाई आयकू आलं."

"मी आयकलो ना. मोठ्यानं रडली."

"तुमी जवाई हाय. तुमी चांगलंच सांगान. मले आयकू आलं नाई."

आत पारबताला हे सगळं ऐकू जात होतं. घराच्या मागच्या दाराचं तट्टं सरकल्याचा आवाज आला. सुईण म्हणत होती, "अवो बाई, वारा लागंल," आणि पारबता म्हणत होती, "लागू दे." मी मागे गेलो तर ती बाजेवर अर्धी उठून बसली होती. तिने लेकरू तट्ट्याच्या उघड्या बाजूला धरलं आणि त्याच्या इवल्या तळव्यावर टिचकी मारली.

पोरगी अशी किंचाळली की परसातल्या कोंबड्या पळाल्या. तो आवाज बांध्यांवरून, नुकताच हिरवा रंग धरलेल्या धानावरून, नाल्यावरून पलीकडे गेला. बुढा कानामागे हात धरून उभा होता. पोरगी थांबली, तरी तो तसाच उभा.

"अजून एक डाव," तो ओरडला.

पारबताने दुसरी टिचकी मारली. पोरगी पुन्हा सुरू झाली, या खेपेला थांबेचना.

"अजून."

"पुरे झालं, बाबा," पारबता आतून ओरडली. बाळंतीण एवढ्या जोराने ओरडते हे मी तेव्हाच पाहिलं. "पोरीचा तळवा लाल झाला. जा, तुमच्या अळ्या पाहा."

कोशाच्या दिवसांत मोठ्याने हसायची मनाई असते. नाल्यापलीकडून बुढ्याचं हसू मला स्वच्छ ऐकू आलं.